डॉ. जॉन्सनचं चरित्र लिहून अमर झालेल्या बॉस्वेलला १९ वेळा परमा झाला होता

इंग्रजी साहित्य शिकलेल्या कुणालाही विचारा, जगातलं सगळ्यात भारी चरित्र कोणतं? दहापैकी निम्मे तरी जेम्स बॉस्वेलने लिहिलेल्या डॉ. सॅम्युअल जॉन्सनच्या चरित्राचं नाव घेतील. जॉन्सन म्हणजे तेच, ज्यांनी १७५५ साली इंग्रजीची ती प्रसिद्ध डिक्शनरी काढली. आपल्याकडे निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्यावर लिहिलं, आणि जॉन्सनच्या रासेलस या पुस्तकाचं मराठी भाषांतर विष्णुशास्त्री आणि त्यांचे वडील कृष्णशास्त्री या दोघांच्या हातून झालं. म्हणजे जॉन्सन मराठी माणसाला दीडशे वर्षांपासून ओळखीचे आहेत.

पण आजचा विषय जॉन्सन नाही. विषय आहे त्यांचा चरित्रकार आणि त्याला आयुष्यभर पुरलेला एक आजार.

बॉस्वेलला एक सवय होती. तो रोज डायरी लिहायचा आणि त्यात काहीही लपवायचा नाही. कुणाकडे जेवला, किती प्यायला, कुठल्या बाईकडे गेला, आणि मग काही दिवसांनी कपड्यावर डाग कसा दिसला, हे सगळं त्यात आहे. विल्यम ओबर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने विसाव्या शतकात या नोंदी बसून मोजल्या. आकडा आला किमान १९. म्हणजे या गड्याला किमान १९ वेळा मूत्रमार्गातून पू येण्याचा त्रास झाला होता.

या आजाराला इंग्रजीत गोनोरिया म्हणतात, आणि आपल्या आजोबांच्या पिढीचा शब्द आहे परमा. आजकाल हा शब्द कुणी वापरत नाही, पण गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर तो आधी इकडेतिकडे बघेल आणि मग हळू आवाजात सांगेल.

आता ही सगळी माहिती काढून एका मोठ्या लेखकाची बदनामी करायची आहे का? अजिबात नाही. प्रतिजैविकं येण्याआधी हा आजार माणसाच्या अंगात तीस वर्षं कसा वागतो, याची इतकी सविस्तर नोंद क्वचितच कुणी ठेवली असेल. आणि त्या नोंदीत एका बाईवर झालेला एक आरोप आहे. तो आरोप आजही रोज कुठल्या ना कुठल्या घरात होतो.

सुरुवातीपासून सांगतो.

जेम्स बॉस्वेलचा जन्म २९ ऑक्टोबर १७४० चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरातला. बाप अलेक्झांडर बॉस्वेल मोठा जमीनदार आणि पुढे स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा न्यायाधीश. कडक, अबोल, धार्मिक माणूस. पोराने वकील व्हावं आणि ऑकिनलेकची वडिलोपार्जित जहागीर सांभाळावी, एवढीच त्याची अपेक्षा. पोराला मात्र नाटकवाले, कवी, लंडनची गर्दी यांचं वेड.

१७६० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बॉस्वेल घरातून पळून लंडनला गेला. आधी कॅथलिक पंथाकडे ओढला गेला, मग शहराच्या रंगेल बाजूला लागला. याच फेरीत त्याला पहिल्यांदा परमा झाला. बापाने घरी आणलं, कायद्याच्या अभ्यासाला बसवलं. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १७६२ मध्ये, बापाकडून वर्षाला २०० पौंड खर्चाला मिळवून हा पुन्हा लंडनला. यावेळी कारण सांगितलं होतं राजाच्या पायदळ तुकडीत अधिकारी व्हायचंय. राहायला खोली घेतली डाउनिंग स्ट्रीटवर. हो, तीच गल्ली.

आणि इथे लुइसा येते.

लुइसा हे बॉस्वेलने डायरीत दिलेलं नाव. खरं नाव ॲन लुइस, कोव्हेंट गार्डनच्या नाटक कंपनीत काम करणारी नटी. डिसेंबर १७६२ मध्ये दोघांची ओळख वाढली. ती पैशाच्या अडचणीत होती, याने तिला दोन गिनी उसने दिले. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, त्या काळात लहान रक्कम नव्हे. गाठीभेटी, चहा, लाडीगोडी असं महिनाभर चाललं, आणि १२ जानेवारी १७६३ च्या रात्री दोघं फ्लीट स्ट्रीटवरच्या ब्लॅक लायन नावाच्या खानावळीत खोट्या नावाने नवरा-बायको म्हणून उतरले. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने डायरीत स्वतःच्या मर्दानगीची तारीफ तर केलीच, वर हिशोबही मांडला. खानावळीचा सगळा खर्च मिळून फक्त १८ शिलिंग. एवढ्या स्वस्तात एवढं सुख, असा त्याचा आनंद.

सहाव्या दिवशी, १८ जानेवारीला, त्याला खाली जळजळ जाणवायला लागली. रात्रीपर्यंत शंका उरली नाही. हा आजार त्याने आधी भोगलेला होता, त्यामुळे खूण लगेच ओळखली.

इथे जरा थांबू, कारण हे सहा दिवस महत्त्वाचे आहेत. गोनोरियाचे जंतू मूत्रमार्गाच्या आतल्या नाजूक अस्तराला चिकटतात आणि तिथेच वाढतात. शरीर त्यांच्याशी लढायला पांढऱ्या पेशी पाठवतं. मेलेल्या पेशी, जंतू आणि अस्तराचा निघालेला थर मिळून जो पू तयार होतो, तोच लिंगातून स्राव म्हणून बाहेर येतो. रंग पिवळट, हिरवट किंवा पांढरट. सोबत लघवीला जळजळ. पुरुषांमध्ये हे सगळं साधारण दोन ते सात दिवसांत दिसतं. बॉस्वेलचा सहावा दिवस त्यात बरोबर बसतो. त्यामुळे रोग लुइसाकडूनच आला असणार, हा त्याचा अंदाज बहुधा बरोबर होता.

चुकलं ते पुढे.

त्याने आधी अँड्र्यू डग्लस नावाच्या ओळखीच्या सर्जनला दाखवलं. सर्जनने परमाच असल्याचं सांगितलं. मग २० जानेवारीला बॉस्वेल थेट लुइसाच्या घरी गेला आणि तिला उभं-आडवं घेतलं. ती घाबरली, थरथरायला लागली. तिने सांगितलं की तीन वर्षांपूर्वी तिला हा आजार झाला होता आणि फार हाल झाले होते. पण गेले पंधरा महिने तिला कसलाच त्रास नाही. आणि गेल्या सहा महिन्यांत बॉस्वेलशिवाय दुसऱ्या कुणाशी संबंध आलेला नाही.

बॉस्वेलने यातलं काही खरं मानलं नाही. त्याच्या दृष्टीने ती बनेल बाई होती, माहीत असून तिने रोग दिला होता. तो थंडपणे निरोप घेऊन निघून आला. डायरीत तिला शिव्या घातल्या.

आज कुठल्याही त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञाला लुइसाचं म्हणणं ऐकवा. ते म्हणतील, अगदी शक्य आहे. कारण गोनोरिया झालेल्या जवळपास निम्म्या बायकांना काहीही लक्षण जाणवत नाही. बाईच्या शरीरात हा जंतू बहुतेक वेळा गर्भाशयाच्या तोंडाशी राहतो. तिथे जळजळ सहसा कळत नाही. स्राव थोडा वाढला तरी तो पाळीच्या आधीचा नेहमीचाच असेल असं वाटतं. पुरुषाचा मूत्रमार्ग मात्र लगेच बोंब मारतो. लक्षणं नसलेले पुरुषही असतात, पण कमी, दहातला एखादा. म्हणजे दोघांना एकच आजार असतो, त्याचा त्याच्या कपड्यावर दिसतो आणि तिचा दिसत नाही. मग जिचा दिसत नाही ती लपवते असं ठरतं.

तीन वर्षांपूर्वी लुइसावर जो काही इलाज झाला असेल, त्याने जंतू मरणं शक्यच नव्हतं. तसं औषधच तेव्हा पृथ्वीवर नव्हतं. त्रास थांबला, ती बरी झाली असं तिला वाटलं. तिच्याकडे दुसरं वाटायला कारणच काय होतं?

यानंतर बॉस्वेल पाचेक आठवडे खोलीत पडून राहिला. उपचार म्हणजे विश्रांती, बेचव जेवण, गोळ्या. वेळ घालवायला डेव्हिड ह्यूमने लिहिलेला इंग्लंडचा इतिहास वाचला. आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याने लुइसाला पत्र लिहिलं. मजकूर साधारण असा, की मी तुला दोन गिनी दिले होते, तुझ्यामुळे झालेल्या रोगाचे पाच गिनी माझा सर्जन मागणार आहे, तेव्हा माझे दोन परत कर.

काही दिवसांनी एक पाकीट आलं. आत सीलबंद कोऱ्या कागदात दोन गिनी. सोबत एक शब्दही लिहिलेला नव्हता.

बॉस्वेल वाईट माणूस नव्हता, थोडं वाईट त्यालाही वाटलं. आपण जरा जास्तच कठोर वागलो का, असा विचार त्याच्या मनात आला आणि गेला. पैसे खिशात गेले. मला विचाराल तर सगळ्या डायरीतला हा सगळ्यात जड प्रसंग आहे, जॉन्सनबरोबरच्या गप्पांपेक्षाही.

कट टू मे १७६३. आता बॉस्वेल शहाणा झालाय. लंडनच्या बागांमध्ये फिरताना सोबत कंडोम ठेवतो. त्या वेळचे कंडोम मेंढीच्या आतड्याचे असत, वापरायच्या आधी पाण्यात भिजवावे लागत आणि रिबिनीने बांधावे लागत. बॉस्वेल त्यांना चिलखत म्हणायचा. १० मे च्या रात्री वेस्टमिन्स्टर पुलावर एका तरुणीबरोबर त्याने हे चिलखत वापरल्याची नोंद आहे. त्यानंतर बरोबर सहा दिवसांनी, १६ मे ला, टॉम डेव्हिस नावाच्या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात त्याची डॉ. जॉन्सनशी पहिली भेट झाली. बावीस वर्षांचा हा आणि ५३ वर्षांचे ते. साहित्याच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली मैत्री इथे सुरू झाली.

चिलखताचा प्रश्न असा होता की दारू चढली की ते आठवायचं नाही, आणि आठवलं तरी त्याने मजा कमी होते अशी याची तक्रार. त्यामुळे जेव्हा घातलं तेव्हा वाचला, नाही घातलं तेव्हा बहुतेक वेळा सापडला. प्रत्येक वेळी शपथ घ्यायचा. शपथा डायरीत तारखेसकट आहेत आणि मोडल्याच्या तारखाही.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो. ऑगस्ट १७६३ मध्ये कायदा शिकायला हॉलंडमधल्या उत्रेख्त शहरात. मग युरोपची सैर. डिसेंबर १७६४ मध्ये रूसो आणि व्होल्तेर या दोघांना तो एकाच महिन्यात भेटला. १७६५ मध्ये इटलीत पुन्हा आजार. तिथून कॉर्सिका बेटावर जाऊन स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पाओलीची भेट घेतली आणि त्यावर १७६८ मध्ये पुस्तक काढलं. ते पुस्तक चाललं, बॉस्वेलचं नाव झालं. एडिनबरात वकिलीही सुरू झाली.

याच काळात, मार्च १७६७ मध्ये, एक प्रकार घडला. कॅथरीन ब्लेअर नावाच्या श्रीमंत घरच्या मुलीशी लग्न करायचं त्याच्या मनात होतं. तिच्या नावाने मित्रांबरोबर प्याले रिकामे करता करता हा इतका प्यायला की रात्री उठून कुंटणखान्यात गेला. परिणाम नेहमीचा. पण यावेळी भीती मोठी होती. कारण मिसेस डॉड्स नावाच्या एका बाईशी त्याचे संबंध होते आणि ती त्याच्यापासून गरोदर होती. आपला रोग तिला लागला असेल का, पोटातल्या बाळाला लागेल का, या विचाराने तो हादरला होता.

ती भीती बिनबुडाची नव्हती. आईला गोनोरिया असेल तर जन्माच्या वेळी जंतू बाळाच्या डोळ्यांत जातात. दोन-चार दिवसांत डोळे सुजतात, पू वाहतो आणि उपचार नाही झाले तर बुबुळ खराब होऊन दृष्टी जाते. युरोपात एकेकाळी अंधशाळांमधल्या बऱ्याच मुलांच्या अंधत्वामागे हे कारण होतं. १८८० च्या सुमारास कार्ल क्रेडे या जर्मन डॉक्टरने जन्मल्याबरोबर बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सुरुवात केली आणि हा प्रकार एकदम कमी झाला. बॉस्वेलच्या काळात ही सोय यायला शंभरेक वर्षं बाकी होती.

१७६९ मध्ये त्याचं लग्न ठरलं, मार्गारेट मॉन्टगोमेरी या त्याच्या चुलत-आते नात्यातल्या मुलीशी. लग्नाआधी अंगातला रोग साफ करायचा म्हणून तो लंडनला गेला. तिथे डॉ. केनेडी नावाच्या वैद्याचं लिस्बन डाएट ड्रिंक नावाचं काढ्यासारखं औषध प्रसिद्ध होतं. वनस्पतींच्या मुळ्या, साली आणि ज्येष्ठमध वगैरे उकळून केलेलं. किंमत बाटलीला अर्धा गिनी आणि डोस दिवसाला दोन बाटल्या. म्हणजे रोजचा एक गिनी. आज गल्लीबोळात भिंतीवर गुप्तरोगाचा हमखास इलाज म्हणून रंगवलेल्या जाहिराती दिसतात, तोच धंदा. आणि गंमत म्हणजे असे पेशंट समाधानी असत. कारण गोनोरियाचा स्राव कित्येकदा काही आठवड्यांत आपोआप कमी होतो. त्या काळात जो काढा चालू असेल त्याला श्रेय मिळतं.

२५ नोव्हेंबर १७६९ ला लग्न झालं. त्याच दिवशी त्याच्या विधुर बापानेही दुसरं लग्न केलं. मुलाने याचा राग आयुष्यभर धरला.

स्राव आपोआप कमी होतो म्हणजे रोग गेला, ही समजूत बॉस्वेलला सगळ्यात महागात पडली. त्याच्या नोंदींत जोरदार पू थांबल्यावर महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या पातळ, चिकट थेंबांचा उल्लेख येतो. डॉक्टर त्याला उरलासुरला निचरा समजायचे. प्रत्यक्षात ती आत धुमसत राहिलेली आग होती. त्यामुळे १९ पैकी काही वेळा नवा संसर्ग झालाच नसेल, जुनाच उफाळून आला असेल. काही वेळा तो क्लॅमिडियासारखा दुसराच जंतूही असेल. तपासायची सोय नव्हती, त्यामुळे पू दिसला की परमा, एवढंच शास्त्र.

त्या काळच्या शास्त्राची अवस्था समजायला एकच किस्सा पुरे. लंडनमध्ये जॉन हंटर नावाचे जबरदस्त सर्जन होते. आधुनिक शस्त्रक्रियेच्या जनकांमध्ये त्यांचं नाव घेतात. १७६७ मध्ये त्यांनी परमा झालेल्या रुग्णाचा पू सुरीच्या टोकावर घेऊन लिंगाच्या त्वचेत टोचला. कुणाच्या, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं नाही; त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला असं बरेच लोक मानतात. टोचलेल्या ठिकाणी सिफिलिसची, म्हणजे गरमीची, जखम उठली. हंटरांनी निष्कर्ष काढला की परमा आणि गरमी हा एकच रोग आहे. ज्याचा पू घेतला त्याला दोन्ही रोग असावेत, ही शक्यता निसटली. १७८६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि हंटरांचं नाव एवढं मोठं की चूक पुढची कित्येक दशकं टिकली. बॉस्वेलच्या एडिनबरामधल्याच बेंजामिन बेल या सर्जनने १७९३ मध्ये दोन रोग वेगळे आहेत असं लिहिलं, तर पॅरिसच्या फिलिप रिकोर्डने १८३८ मध्ये ते मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलं. आणि १८७९ मध्ये अल्बर्ट निसर या चोविशीतल्या जर्मन डॉक्टरला सूक्ष्मदर्शकाखाली त्या पुवात जोडीजोडीने बसलेले जंतू सापडले.

नावाचीही एक गोष्ट आहे. गोनोरिया हा ग्रीक शब्द, अर्थ बीजाचा प्रवाह. जुन्या वैद्यांना वाटायचं की बाहेर येतंय ते वीर्यच आहे. आपल्याकडे धातू जाणे हा जो शब्द आहे, त्यामागेही हाच घोटाळा. झोपेत वीर्य जाणं किंवा शौचाला जोर दिल्यावर थेंबभर चिकट पाणी येणं यात रोग काही नाही, तरी पोरं घाबरून भोंदू वैद्याकडे पैसे घालवतात. आणि खरोखर पू येतोय, जळजळतंय, त्यालाही धातूच जातोय म्हणत दुधात खारीक उकळून पितात. आपला परमा हा शब्द प्रमेहावरून आला, आणि आयुर्वेदात प्रमेह म्हणजे लघवीच्या तक्रारींचा मोठा गट, त्यात मधुमेहसुद्धा येतो.

बायकांचं आणखी अवघड. अंगावरून पांढरं जाणं हा एकच शब्द सगळ्याला. वास नसलेला, पाण्यासारखा किंवा दुधाळ स्राव महिन्यातून कमी-जास्त होत राहतो, तो नॉर्मल आहे. दह्यासारखा घट्ट आणि प्रचंड खाज असेल तर बहुधा बुरशी, ती लैंगिक आजारांत धरत नाहीत. करडा आणि मासळीसारखा वास असेल तर आतल्या जंतूंचा समतोल बिघडलेला असू शकतो. पिवळा-हिरवा, फेसाळ असेल, संबंधांनंतर रक्त जात असेल, ओटीपोटात दुखत असेल तर ट्रायकोमोनास, गोनोरिया, क्लॅमिडिया यांची शक्यता बघावी लागते. नुसतं बघून खात्री होत नाही, लघवीची किंवा स्रावाची तपासणी लागते. आणि जोडीदाराला स्राव येत असेल तर तिला काही जाणवत नसलं तरी तिचीही तपासणी, दोघांचेही उपचार एकदम, आणि डॉक्टर सांगतील तोवर, साधारण सात दिवस, संबंध बंद. एकानेच औषध घेतलं तर रोग त्या दोघांत फेऱ्या मारत राहतो.

मेडिकलवाल्याला कोपऱ्यात बोलावून गोळी मागणं हा आपल्याकडचा लाडका मार्ग. पण गोनोरियाचा जंतू पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन या औषधांना एकामागून एक निर्ढावला आहे, आता बऱ्याच देशांत सेफ्ट्रिआक्सोनचं इंजेक्शन हाच मुख्य उपाय उरलाय. अर्धवट डोस म्हणजे जंतूला तालीम. सरकारी जिल्हा रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजात यासाठी सुरक्षा क्लिनिक नावाचा विभाग असतो, तिथे तपासणी आणि औषध मोफत आहे. स्रावाच्या औषधांची पाकिटंही रंगाने ठरलेली आहेत, मूत्रमार्गातल्या स्रावाला करडं, योनीमार्गातल्या स्रावाला हिरवं. विचारायलाच लाज वाटत असेल तर १०९७ हा टोल फ्री नंबर आहे.

परत बॉस्वेलकडे येऊ.

लग्नानंतर काही वर्षं तो बऱ्यापैकी सरळ राहिला. मग पुन्हा दारू, पुन्हा रस्ते, पुन्हा डायरीतल्या नोंदी. अनेकदा तो बायकोपुढे स्वतः कबुली द्यायचा. एकदा तिने डायरी वाचली आणि कबुली द्यायची गरजच राहिली नाही. मार्गारेट हुशार, समंजस बाई होती, क्षयाने खंगत चाललेली. पाच मुलं वाढवली, नवऱ्याची नशा उतरेपर्यंत रात्री जागून काढल्या. बॉस्वेलवर लिहिणारे तिला सहनशील म्हणून मोकळे होतात, मला हा शब्द फार सोयीचा वाटतो.

१७७३ मध्ये तो जॉन्सनना घेऊन स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर फिरला. १७८२ मध्ये बाप गेला, जहागीर मिळाली. १७८४ मध्ये जॉन्सन गेले. जून १७८९ मध्ये मार्गारेट गेली, तेव्हा हा लंडनहून धावत निघाला होता, पण पोहोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. या सगळ्या पडझडीत तो रोज बसून जॉन्सनचं चरित्र लिहीत होता. १६ मे १७९१ ला ते प्रसिद्ध झालं, पहिल्या भेटीला बरोबर २८ वर्षं झाली त्या दिवशी.

तोवर शरीर थकलं होतं. पुन्हा पुन्हा सूज आलेल्या मूत्रमार्गात जखमा भरताना व्रण तयार होतात आणि नळी आतून आवळत जाते. लघवीची धार बारीक होते, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, साचलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत चढतो. डॉ. ओबर यांच्या मते बॉस्वेलचं हेच झालं. १४ एप्रिल १७९५ ला, जॉन्सनच्याच काळापासून चालत आलेल्या लिटररी क्लबच्या बैठकीत, त्याला अचानक ताप भरला आणि डोकं ठणकायला लागलं. घरी आणलं. पुढचे पाच आठवडे अंथरुणात, वेदनेत गेले. १९ मे १७९५ ला लंडनमधल्या ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवरच्या घरी तो वारला. वय ५४.

घराण्याच्या पुढच्या पिढ्यांना या पूर्वजाची लाज वाटायची. कागदपत्रं पेट्यांत, माळ्यावर पडून राहिली. १९२० च्या दशकात डब्लिनजवळच्या मलाहाइड किल्ल्यात एक मोठा साठा मिळाला. मग १९३० मध्ये स्कॉटलंडमधल्या फेटरकेर्न हाउस या वाड्यात क्लॉड ॲबट नावाच्या प्राध्यापकाला आणखी एक साठा सापडला. त्यात १७६२-६३ ची लंडनची डायरी होती. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने ती विकत घेतली आणि १९५० मध्ये छापली. पुस्तक धडाधड खपलं.

गेले पंधरा महिने मला काहीच त्रास नव्हता, असं सांगणाऱ्या ॲन लुइसची बाजू तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना वाचायला मिळाली, तीही तिच्यावर आरोप करणाऱ्याच्याच हस्ताक्षरातून. निसरला तो जंतू सापडून तोवर ७१ वर्षं झाली होती आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन दवाखान्यात मिळायला लागलं होतं.